नाटकं नेमकी कुणाची? : वाचकांचे प्रश्न

शेक्सपिअरच्या नावावरची नाटकं भलत्याच कुणीतरी लिहिली, असं सांगणारे व्हिडिओ आणि लेख सध्या पुष्कळ फिरताहेत. ते पाहून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला. राजदरबार, इटली, कायदा यांची एवढी जाण असलेली नाटकं तो कशी लिहील? आणि ती त्यानेच लिहिली याला पुरावा तरी काय?

उत्तर : यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ‘त्याला हे जमलं असतं का’ हा अंदाजाचा प्रश्न. ‘हे त्याने लिहिलं का’ हा कागदपत्रांचा. कट झाला असं मानणारे पहिल्या प्रश्नापासून निघतात, ‘नसतंच जमलं’ असं मनाशी ठरवतात आणि मग समोर येणारा एकेक कागद खोटा ठरवत जातात. आधी कागद बघावेत, अंदाज नंतर.

1593 मध्ये ‘व्हीनस अँड अडोनिस’ हे काव्य छापलं गेलं. अर्ल ऑफ साउदॅम्प्टनला लिहिलेल्या अर्पणपत्रिकेखाली विल्यम शेक्सपिअर हे नाव आहे. मुद्रक रिचर्ड फील्ड, आणि हा फील्ड मूळचा शेक्सपिअरच्याच गावचा, स्ट्रॅटफर्डचा. 1598 मध्ये फ्रान्सिस मिअर्स याने आपल्या पुस्तकात शेक्सपिअरच्या 12 नाटकांची नावं दिली. 23 ऑगस्ट 1600 रोजी लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाच्या नोंदवहीत दोन नाटकांपुढे ‘मास्टर शेक्सपिअर यांनी लिहिलेली’ अशी नोंद झाली. 1604-05 च्या दरबारी करमणुकीच्या हिशेबात नाटककाराच्या रकान्यात त्याचं नाव आहे. कारकुनाने ते ‘शॅक्सबर्ड’ असं कानावर पडलं तसं उतरवलं आहे. हे सगळे लिहिणारे वेगवेगळे, त्यांची कामं वेगळी, आणि कुणाचं गुपित सांभाळायचं त्यांना काहीच कारण नव्हतं.

‘ठीक आहे, नाव आहे, पण ते नाव स्ट्रॅटफर्डच्या माणसाचंच कशावरून?’ अशी शंका इथे येते आणि ती रास्त आहे. स्ट्रॅटफर्डचा रहिवासी, लंडनचा नट आणि पुस्तकांवरचा लेखक हे तिघे एकच होते, हे दाखवावंच लागतं. रहिवासी आणि नट यांची सांगड 1616 च्या मृत्युपत्रात बसते : रिचर्ड बर्बेज, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या नाटकमंडळीतल्या सोबत्यांना अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी 26 शिलिंग 8 पेन्स ठेवलेत. त्याआधी 1602 मध्ये कुलचिन्हांच्या कार्यालयातला एक अधिकारी तक्रार करतो की, लायकी नसलेल्यांना कुलचिन्हं दिली जाताहेत. त्या यादीत स्ट्रॅटफर्डच्या घराण्याच्या चिन्हाखाली ‘शेक्सपिअर, नट’ असं लिहिलं आहे. नट आणि लेखक यांची सांगड 1623 च्या पहिल्या संग्रहात बसते. त्यात 36 नाटकं आहेत, त्यातली 18 तोवर कधीच छापली गेली नव्हती, आणि ती जमवणारे कोण? तेच हेमिंग्ज आणि काँडेल. त्याच पुस्तकात समकालीन नाटककार बेन जॉन्सन शेक्सपिअरला एव्हन नदीचा हंस म्हणतो (स्ट्रॅटफर्ड याच नदीकाठी आहे) आणि लिओनर्ड डिग्ज त्याच्या स्ट्रॅटफर्डमधल्या स्मारकाचा उल्लेख करतो. साखळी पुरी होते.

मृत्युपत्रातली अंगठ्यांची ओळ दोन ओळींच्या मध्ये घुसवलेली आहे, म्हणून ती बनावट, असंही सांगितलं जातं. पण बायकोला दिलेल्या ‘दुसऱ्या क्रमांकाच्या पलंगा’ची ओळही तशीच मागाहून घातलेली आहे, आणि तिला कुणी बनावट म्हणत नाही. मसुद्यावरच दुरुस्त्या केलेलं मृत्युपत्र त्या काळी सर्रास असायचं.

आता ‘जमलं असतं का’कडे येऊ. स्ट्रॅटफर्डला ग्रामर स्कूल होतं. अशा शाळांत दिवसचे दिवस लॅटिन चालायचं. ओव्हिडची काव्यं, वक्तृत्वाचे पाठ, एकाच मजकुराची दोन्ही बाजूंनी मांडणी. नाटकांत दिसतं ते नेमकं याच शिक्षणाचं फळ आहे. त्या काळातली शाळेची पटनोंद उरलेली नाही, ती कुणाचीच नाही. बेन जॉन्सन गवंड्याच्या घरात वाढला, त्याच काळातला नाटककार ख्रिस्तोफर मार्लो चांभाराचा मुलगा. त्यांच्याबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि इटलीच्या, परदेशाच्या ज्ञानाचं म्हणाल तर ‘द विंटर्स टेल’ मध्ये त्याने चक्क बोहेमियाला समुद्रकिनारा दिला आहे. 1619 मध्ये स्कॉटलंडात कवी विल्यम ड्रमंडच्या घरी गप्पा मारताना जॉन्सनने या चुकीची टर उडवली. ड्रमंडने ते टिपून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. हा प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. शेक्सपिअर जाऊन तीन वर्षं झालेली, खासगी बैठक, जॉन्सन सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतोय, आणि शेक्सपिअरवर तो टीका करतो ती नाटककार म्हणूनच.

प्रश्न : अर्ल ऑफ ऑक्सफर्ड हाच खरा लेखक, असं एका व्हिडिओत पटवून दिलं आहे. त्याचं आयुष्य ‘हॅम्लेट’शी जुळतं म्हणे.

उत्तर : एडवर्ड डी व्हीअर, 17वा अर्ल. 1920 मध्ये जे. थॉमस लूनी या शिक्षकाने त्याचं नाव पुढे आणलं. अर्ल 24 जून 1604 ला वारला, आणि इथेच घोडं अडतं : काही नाटकं त्यानंतरची आहेत.

‘द टेम्पेस्ट’ घ्या. 1609 च्या जुलैत ‘सी व्हेंचर’ नावाचं जहाज बर्म्युडाला खडकांत अडकलं. विल्यम स्ट्रेची या प्रवाशाने त्याची हकीकत 15 जुलै 1610 ही तारीख घातलेल्या पत्रात लिहिली : वादळी रात्री डोलकाठीवर चढणारी, दोरांवरून इकडे तिकडे उड्या मारणारी ज्योत. नाटकात एरिएल हे जादूई पात्र आपण जहाजावर अगदी हेच केलं असं सांगतो. 1 नोव्हेंबर 1611 ला ते दरबारात झालं. पत्र 1625 पर्यंत छापलं गेलं नव्हतं, तेव्हा ते त्याने पाहिलंच कसं, असा आक्षेप घेतात. हस्तलिखितं हातोहात फिरत, हे त्याचं उत्तर.

पण समजा, ‘द टेम्पेस्ट’ बाजूला ठेवलं. 29 जून 1613 ला ग्लोब नाट्यगृह जळालं ते आठव्या हेन्रीवरच्या नाटकाच्या वेळी. तोफेच्या बारातली ठिणगी छपराच्या गवतावर पडली. सर हेन्री वॉटनने आपल्या पत्रात ते नाटक नवं असल्याचं लिहिलं आहे. ते शेक्सपिअरने जॉन फ्लेचरबरोबर मिळून लिहिलेलं. नऊ वर्षांपूर्वी वारलेला सरदार तरुण नाटककाराबरोबर बसून प्रवेश वाटून घेत नाही. शिवाय 1609 च्या सुमारास शेक्सपिअरची नाटकमंडळी ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त नाट्यगृहात खेळ करू लागली. तिथे मेणबत्त्यांच्या वाती कापायला अंकांच्या मध्ये थांबावं लागे. नंतरच्या नाटकांची बांधणी त्या थांब्यांना धरून आहे, आधीच्यांची तशी नाही.

सगळी नाटकं आधीच लिहून ठेवलेली होती, मागाहून एकेक काढली, असा बचाव केला जातो. मग थांबे कसे जुळले? फ्लेचर कुठून आला? आणि मिअर्सने 1598 मध्ये विनोदी नाटकांच्या उत्तम लेखकांची यादी केली त्यात ऑक्सफर्डही आहे आणि शेक्सपिअरही, दोघे स्वतंत्र.

आयुष्याशी जुळण्याबद्दल एवढंच : ‘हॅम्लेट’ इतकं मोठं नाटक घेतलं तर ते कुणाच्याही आयुष्याशी जुळवता येतं. जुळवून पाहायचंच असेल तर त्याच काळातले दहा सरदार घ्या, आणि प्रत्येकाच्या न जुळणाऱ्या गोष्टींचीही शेजारी यादी करा. ही दुसरी यादी करायचं बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : नाटकांत त्या काळचा तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याने गुप्त संकेत पेरलेत, हे खरं का? एका लांबलचक शब्दाचा दाखला दिला जातो.

उत्तर : तो शब्द ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ मधला, ‘ऑनॉरिफिकाबिलिट्यूडिनिटाटिबुस’. रोमन लिपीत 27 अक्षरं. ती उलटसुलट केली की ‘ही नाटकं, एफ. बेकनची अपत्यं, जगासाठी राखली आहेत’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य निघतं. खरंच निघतं, अक्षर न अक्षर जुळतं. पण याच 27 अक्षरांतून ‘जिथे इटालियन, तिथे दांतेला मान’ असंही लॅटिन वाक्य बनतं, तेही एक अक्षर कमीजास्त न होता. मग हे नाटक दांतेने लिहिलं म्हणायचं का? तो तर 1321 मध्येच गेला. वर हा शब्द शेक्सपिअरने घडवलेलाही नाही. मध्ययुगापासून लांब शब्दाचा नमुना म्हणून तो लॅटिन शिकणाऱ्यांच्या तोंडी होता.

संकेतांची खरी तपासणी केली ती विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याने. दोघे व्यवसायाने संकेतभंजक. त्यांची उमेदवारीच अशा संस्थेत झाली, जिथे बेकनचे संकेत शोधण्याचं काम चालू होतं. 1957 च्या त्यांच्या पुस्तकात दोन अटी आहेत. निघालेला मजकूर त्या भाषेत धड अर्थ देणारा हवा. आणि किल्ली ठरली की ती ताठपणे, सवलत न घेता चालवता आली पाहिजे; दुसऱ्या माणसाने तीच किल्ली लावली तर तोच मजकूर निघाला पाहिजे. दुसऱ्या अटीवर सगळे बेकनवाले आपटतात. 1888 मध्ये इग्नेशियस डॉनेली याने शब्द मोजून संदेश काढले. पण कुठून मोजायचं, जोडशब्द एक धरायचा की दोन, हे प्रत्येक वेळी हव्या त्या उत्तराप्रमाणे बदललं. असा संकेत तुम्हाला कुणी दाखवला तर त्याच्याकडून नियम आधी कागदावर लिहून घ्या आणि मग तो भलत्याच पुस्तकावर चालवून बघा. तिथेही संदेश निघाले तर ते नियमातल्या ढिलाईचं काम.

प्रश्न : एकही हस्तलिखित नाही, मृत्युपत्रात एकाही पुस्तकाचा उल्लेख नाही, आणि सहा सह्या सहा तऱ्हेच्या. संशय यायला एवढं पुरेसं नाही का?

उत्तर : संशय यायला पुरेसं आहे. तो फेडायचा मार्ग म्हणजे हीच मोजपट्टी त्याच्या समकालीनांना लावणं. मार्लोची अख्ख्या आयुष्यातली एकच सही उरली आहे, 1585 च्या एका मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून, आणि तिथे आडनाव ‘मार्ली’ असं आहे. त्याच्या नाटकांचीही हस्तलिखितं नाहीत. एका सुट्या पानाबद्दल वाद आहे तेवढाच. नाटकाची संहिता लेखकाची मालमत्ता नव्हती, मंडळीची होती. तिच्यावरून प्रत्येक नटासाठी नक्कल उतरवली जाई, तिच्यात त्याची स्वतःची वाक्यं आणि त्यांच्या आधीच्या वाक्याची शेपटी एवढंच. छपाई झाली की मूळ प्रत रद्दीत जाई. वर 1613 ची आग आहेच.

पुस्तकं मृत्युपत्रात बहुतेकदा नसत, मालमत्तेच्या स्वतंत्र यादीत असत. शेक्सपिअरची ती यादी हरवली आहे. स्पेलिंगचं म्हणाल तर नावाचं एकच रूप धरून चालण्याची सवय तेव्हा रुळलेलीच नव्हती.

नावातल्या आडव्या रेघेवरूनही (‘शेक-स्पिअर’) हे टोपणनावच, असं सांगतात. त्याचं एक कारण छपाईच्या खिळ्यांत सापडतं. तिरप्या साच्यातल्या ‘के’ आणि लांब ‘एस’ या दोन्ही अक्षरांचे टोकदार भाग खिळ्याच्या बाहेर येत. शेजारी शेजारी लावले तर ते एकमेकांवर आपटून तुटायचे, म्हणून मध्ये ‘ई’ नाहीतर रेघ घालावी लागे. रॉबर्ट वॉल्डग्रेव्ह हा तर खराखुरा मुद्रक, त्याच्याही नावात रेघ छापलेली आढळते.

प्रश्न : मार्लोने स्वतःच्या मरणाचा बनाव केला आणि पुढे लिहीत राहिला, असं वाचलं.

उत्तर : मार्लो 30 मे 1593 ला डेप्टफर्ड इथे, एलेनॉर बुलच्या घरी, इंग्रॅम फ्रायझरच्या हातून मारला गेला. राणीच्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने 16 जणांच्या पंचासमोर प्रेत तपासलं. तो अहवाल लेस्ली हॉटसनने शोधून 1925 मध्ये प्रसिद्ध केला. हजर असलेल्यांचा हेरगिरीशी संबंध होता, तेव्हा खून का झाला याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. मेला का, याबद्दल नाही. 1956 मध्ये मार्लोच्या आश्रयदात्याच्या वॉल्सिंगहॅम घराण्याचं थडगं हस्तलिखितं सापडतील या आशेने उघडलं होतं. आत वाळू निघाली.

प्रश्न : पण आता अभ्यासकच शेक्सपिअरच्या नाटकांवर दुसऱ्यांची नावं घालतात. मग संशय घेणाऱ्यांचं काय चुकलं?

उत्तर : 2016 च्या ऑक्सफर्डच्या आवृत्तीत सहाव्या हेन्रीवरच्या नाटकांना मार्लो सहलेखक म्हणून लावला, हे खरं. ‘टायटस’ मध्ये जॉर्ज पील, ‘पेरिक्लिस’ मध्ये जॉर्ज विल्किन्स, ‘टिमन’ मध्ये मिडल्टन, शेवटच्या काही नाटकांत फ्लेचर. मिळून लिहिणं हा त्या धंद्याचा रिवाज होता.

फरक पद्धतीत आहे. आठव्या हेन्रीच्या नाटकात फ्लेचरचा हात ओळखायला 1850 मध्ये जेम्स स्पेडिंगने ओळींच्या शेवटांकडे पाहिलं. नंतरच्यांनी आणखी बारीक खुणा धरल्या : फ्लेचर ‘यू’ऐवजी ‘यी’ भरपूर वापरतो, आणि ‘देम’ऐवजी तोडलेला ‘एम’. एका प्रवेशात ही रूपं दाट, पुढच्यात विरळ. आणि ही सीमा इतर खुणांच्या सीमेशी जुळते. फ्लेचरच्या एकट्याच्या नाटकांत हेच प्रमाण मोजून दाखवता येतं. दावा चुकीचा असता तर तो इथेच पडला असता. आणि मिळून लिहिण्याचे हे सगळे पुरावे कटाच्या कल्पनेला उलटेच जातात, कारण त्यांतून दिसतो तो तालमींच्या धबडग्यात, सोबत्यांबरोबर काम उरकणारा नाटकवाला. ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकाच्या 1600 च्या छापील प्रतीत एका प्रवेशात डॉगबेरी आणि व्हर्जिस या पात्रांच्या जागी ‘केम्प’ आणि ‘काउली’ अशी नटांचीच नावं राहून गेली आहेत. कोण काय करणार हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिणाऱ्याच्या हातून ही चूक होते. केम्प 1599 मध्ये मंडळी सोडून गेला, रॉबर्ट आर्मिन आला, आणि नाटकांतले विदूषक धसमुसळे होते ते गाणारे, शब्दांचे खेळ करणारे झाले.

प्रश्न : संगणकावर शैली मोजून लेखक ओळखता येतो म्हणे. मराठी मजकुरावर हे मी स्वतः करून पाहू शकतो का?

उत्तर : जरूर. तत्त्व असं की लेखकाची ओळख त्याच्या भारदस्त शब्दांत नसते. ते कुणीही उचलू शकतो. ओळख असते ‘आणि’, ‘पण’, ‘तर’, ‘की’, ‘मात्र’, ‘देखील’ अशा लक्षात न येणाऱ्या शब्दांच्या प्रमाणात. गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं : 1787-88 मधले 85 ‘फेडरलिस्ट’ निबंध, सगळे एकाच टोपणनावाने, त्यातल्या 12 निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन दोघांचा दावा. 1964 मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस यांनी छोटे शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजारी सुमारे तीनदा वापरतो, मॅडिसन जवळपास नाहीच. 12 ही निबंध मॅडिसनकडे गेले.

तुम्ही करताना : संशयित लेखकाचे आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा तीन-चार लेखकांचेही नमुने घ्या, एकाच काळातले आणि एकाच प्रकारचे. कादंबरीशी कादंबरी, पत्राशी पत्र. प्रत्येक नमुना निदान 5000 शब्दांचा; त्याखाली आकडे डळमळतात. विशेषनामं काढून टाका. सर्वांत जास्त येणारे 100 ते 200 शब्द निवडा आणि प्रत्येकाचं हजारी प्रमाण काढा. मग वादग्रस्त मजकुराला हात लावण्याआधी, ज्यांचा लेखक पक्का माहीत आहे असे नमुने नाव झाकून चाचणीला लावा. दहातले नऊ तरी बरोबर ओळखले गेले नाहीत तर तिथेच थांबा. शेवटी शब्दांची संख्या 100 ची 150, 150 ची 200 करून बघा. उत्तर बदलत असेल तर ते उत्तर नव्हे.

मराठीत तीन ठिकाणी हमखास घात होतो. ‘ने’, ‘ला’, ‘साठी’, ‘मध्ये’ शब्दांना चिकटलेले असतात. मोकळ्या जागेवर शब्द तोडणारा प्रोग्राम ते मोजतच नाही. ते आधी सोडवून घ्यावे लागतात. दुसरं शुद्धलेखन : 1962 च्या नियमांआधीच्या छपाईत ‘कांहीं’, नंतर ‘काही’. हे एक केलं नाही तर यंत्र लेखक नव्हे, छपाईचं दशक ओळखतं. तिसरं दिसत नाही म्हणून जास्त वाईट : ‘ऱ्या’ टंकण्याच्या दोन तऱ्हा आहेत, डोळ्याला सारख्या, संगणकाला वेगळ्या. शोधून एकच ठेवा.

आणि यंत्र ‘यातला कुणीच नाही’ असं आपण होऊन कधी म्हणत नाही. जवळचा कोण तेवढंच सांगतं. म्हणून ते बिनसंबंधाचे लेखक सोबत हवेत. या कामात जाणतेही चुकतात. 1612 मधलं ‘डब्ल्यू. एस.’ अशी आद्याक्षरं असलेलं एक शोककाव्य डोनल्ड फॉस्टर यांनी 1989 मध्ये शेक्सपिअरच्या पदरात टाकलं, ते संग्रहांतही शिरलं. पुढे जॉन फोर्डच्या बाजूने जास्त भक्कम पुरावा आला आणि 2002 मध्ये फॉस्टर यांनी स्वतः माघार घेतली. आम्हाला हे अभ्यासाचं बळ वाटतं.

प्रश्न : पण दुसऱ्याच्या नावाने लिहिणारे असतातच ना? मग सगळेच दावे खोटे कसे?

उत्तर : असतात. 1953 च्या ‘रोमन हॉलिडे’ची कथा डाल्टन ट्रम्बोची. हॉलिवूडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट ठरवलेल्यांना काम न देण्याची यादी) असल्याने त्याला काम देता येत नव्हतं, म्हणून मित्र इयन मॅकलेलन हंटरचं नाव लागलं आणि ऑस्करही त्यालाच मिळालं. 1957 मध्ये ‘रॉबर्ट रिच’ नावाच्या लेखकाला ऑस्कर जाहीर झालं आणि घ्यायला तो स्वतः आलाच नाही, तोही ट्रम्बोच. आता यात काय काय दिसतं पाहा. लपण्याला ठोस कारण होतं, नाहीतर पोटावर पाय. पैसे हातोहात फिरले, पत्रं लिहिली गेली, आणि माहितगारांत कुजबुज होती. 1959 मध्ये ट्रम्बोने स्वतः रिच असल्याचं सांगितलं. एवढ्या कडक बंदोबस्तातही रिचचं गुपित दोन वर्षं पुरलं. शेक्सपिअरच्या बाबतीत मुद्रक, सेन्सॉर, सहलेखक, नट, वैरी, स्मारक घडवणारे असे सगळे गप्प बसले, आणि पहिली ठळक शंका निघाली ती त्याच्या मृत्यूनंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, असं मानावं लागतं.

रास्त शंकेचंही उदाहरण देतो. रशियन लेखक शोलोखोव्हच्या ‘डॉन’ कादंबरीबद्दल 1928 पासून कुजबुज होती, कारण लेखक फारच तरुण होता आणि हस्तलिखितं गायब होती. मागायचा तो पुरावा लोकांनी मागितला. ती हस्तलिखितं 1980 च्या दशकाच्या शेवटी सापडली, 1999 मध्ये मॉस्कोच्या साहित्य संस्थेने घेतली. त्यांवर खाडाखोड, बदललेली नावं, प्रकरणांची हलवाहलव त्याच्याच हस्ताक्षरात आहे. नक्कल उतरवणारा अशी खाडाखोड करत नाही.

प्रश्न : नामदेवांच्या गाथ्यातले सगळे अभंग त्यांचे नाहीत असं अभ्यासक सांगतात. हाही तसलाच संशय का?

उत्तर : अजिबात नाही. ‘नामा म्हणे’ ही मुद्रा विष्णुदास नामा या नंतरच्या कवीनेही वापरली आणि दोघांच्या रचना एकमेकांत मिसळल्या. इथे नामदेवांना कुणी खोटं ठरवत नाही. कुठला अभंग कुणाचा, हे भाषेची रूपं, संदर्भ आणि जुन्या हस्तलिखितांचा क्रम बघून एकेका रचनेपुरतं ठरवलं जातं, आणि जिथे ठरत नाही तिथे तसं लिहिलं जातं.

प्रश्न : सह्या सोडल्या तर शेक्सपिअरच्या हातचं एकही पान जगात नाही का?

उत्तर : बहुधा तीन पानं आहेत. ब्रिटिश लायब्ररीत ‘सर टॉमस मोर’ या नाटकाचं हस्तलिखित आहे. मूळ लेखन अँथनी मंडेचं. सेन्सॉर एडमंड टिल्नीने दंगलीचा भाग काढायला सांगितला, मग दुरुस्तीला इतर हात आले. त्यातल्या एकाच्या हस्ताक्षराला अभ्यासक ‘हात डी’ म्हणतात, त्याने लिहिलेली तीन पानं, 147 ओळी : 1517 च्या दंगलीत परकीयांना हाकलायला निघालेल्या जमावाला मोर शांत करतो. विरामचिन्हं जवळपास नाहीत, शब्द खोडून वर दुसरे घातलेत, लिहिणारा घाईत आहे. या पानांत ‘सायलेन्स’ हा शब्द ‘एस-सी-आय-एल-ई-एन-एस’ असा लिहिलाय. हे स्पेलिंग अतिशय दुर्मीळ. ‘चौथा हेन्री, भाग 2’च्या 1600 च्या छापील प्रतीत न्यायाधीश सायलेन्सचं नाव याच स्पेलिंगने पुन्हा पुन्हा येतं, खिळे जुळवणाऱ्याने समोरच्या प्रतीतलं जसंच्या तसं घेतलेलं दिसतं. शब्दांच्या जुळण्या, प्रतिमांची साखळी, हस्ताक्षराची वळणं हे सगळं त्याच दिशेला जातं. तरी अभ्यासक ‘बहुधा’ म्हणतात, कारण हस्ताक्षर ताडून बघायला सहाच सह्या आहेत, त्याही कायदेशीर कागदांवरच्या, आणि त्यातल्या तीन मरणाच्या महिनाभर आधीच्या.